‘आमच्या हद्दीत येत नाही’

जातीय अत्याचाराची तक्रार घेऊन ठाण्यात गेले की पहिले उत्तर ठरलेले: “हे आमच्या हद्दीत येत नाही, तिकडच्या ठाण्यात जा.” आपल्या लोकांसोबत बसून आम्ही हे इतक्यांदा ऐकले आहे की हद्द म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांना पाठच असायला हवे.

तपास कोणत्या ठाण्याने करायचा आणि खटला कुठे चालायचा, एवढेच हद्दीवरून ठरते. तक्रार लिहून घ्यायला हद्द आड येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173 सांगते की, दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. हाच झिरो एफआयआर. गावात मार खाऊन पुण्यात बहिणीकडे आलेल्या पोराची तक्रार पुण्याच्या ठाण्याने नोंदवायची आणि कागद गावच्या ठाण्याकडे पाठवायचे. त्या पोराने पुन्हा त्याच गावात जाऊन, त्याच लोकांच्या नजरेसमोरून ठाण्याची पायरी चढायची गरज नाही.

याच कलमात एक फटही आहे. तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. “आधी चौकशी करू” म्हणणाऱ्या साहेबांना अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे कलम 18अ दाखवा. गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे त्यात लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मार्च 2018 च्या निकालानंतर 2 एप्रिलच्या भारत बंदला लोक रस्त्यावर उतरले, म्हणून त्याच वर्षी हे कलम आले. शिवाय कलम 20 नुसार हा कायदा इतर कायद्यांच्या वर आहे.

अधिकाराची मर्यादा पोलिसांनाही आहे, आणि तिकडे आपले लक्ष कमी जाते. नियम 7 प्रमाणे तपास अधिकारी उपअधीक्षक दर्जाच्या खालचा नको. तपास फौजदाराने उरकला, तर आरोपीचा वकील पुढे नेमके तेच बोट ठेवतो. म्हणून पंचनाम्यावर, जबाबावर सही कोणाची आहे ते पहिल्याच आठवड्यात बघा.

कर्तव्यात हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम 4 आहे, पण ते खात्याच्या चौकशीत अडकते. त्यावर विसंबून राहू नका. नकार कोणी लेखी देत नाही. त्यामुळे त्याच दिवशी तक्रार स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा. तिथेही दाद लागली नाही, तर न्यायालयात अर्ज करताना तीच पावती जोडायची आहे.