पिशवी घरूनच न्यावी

ज्या वस्तूस किंमत मोजावी लागते ती जपली जाते व जी फुकट मिळते ती उकिरड्यावर जाते, हें आमच्या शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. अडत्याकडे माल नेतांना बारदान मोजून दिलें जातें व रिकामें झालें कीं मोजून परत आणलें जातें. गोणी फाटली तर तिला ठिगळ लावून ती पुन्हां कामास घेतली जाते. परंतु तोच शेतकरी आठवड्याच्या बाजारीं रिकाम्या हातीं जातो व येतांना भाजीची एक, मिठाची एक, मिरच्यांची एक अशा पांच-सहा पातळ पिशव्या घेऊन येतो. हा विरोध कसा उत्पन्न झाला व तो कसा दूर व्हावा, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फुकट पिशवीची संवय जशी लागते तशी ती सुटतेही, याचा दाखला बाहेरच्या देशांनीं घालून दिला आहे. आयर्लंडच्या सरकारनें मार्च २००२ मध्यें दर पिशवीमागें १५ सेंट कर बसविला. त्यापूर्वीं तेथें माणशीं वर्षास सुमारें ३२८ पिशव्या खपत. कर बसल्यावर हा आकडा २१ वर आला. इंग्लंडांत ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांस दर पिशवीस ५ पेन्स घेणें भाग पडलें. मे २०२१ पासून ही रक्कम १० पेन्स होऊन लहान दुकानांसही लागू झाली. तेथील मोठ्या सुपरमार्केटांत एकदांच वापरावयाच्या पिशव्यांचा खप शेंकडा ९५ हून अधिक घटला. पांच पेन्स ही कांहीं त्या देशांत मोठी रक्कम नव्हे. परंतु पिशवी हवी काय, असें दुकानदारानें विचारावें व गिऱ्हाइकानें क्षणभर थांबावें, एवढ्यानेंच पुष्कळसें काम झालें. मात्र पातळ पिशवी सोडून जाड पिशवी विकत घेणारे व तीही एकदां वापरून टाकणारे लोक तेथेंही निघालेच. यावरून पिशवी बदलल्यानें संवय बदलतेच असें नाहीं, हें उघड होतें.

आपल्या राज्यानें बंदीचा मार्ग धरिला. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें प्लॅस्टिकच्या पिशव्यांस महाराष्ट्रांत बंदी झाली, व पहिल्या अपराधास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० व तिसऱ्यास २५,००० रुपये दंड आणि तीन महिने कैद, अशी शिक्षा ठरली. कायदा कडक आहे यांत शंका नाहीं. तरीही बाजारांत पिशवी दिसतेच. याचें कारण असें कीं, कायदा विक्रेत्याच्या हातची पिशवी काढून घेऊं शकतो, पण गिऱ्हाइकाच्या हातीं पिशवी देऊं शकत नाहीं. तें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.

यांत शहरवासीयांपेक्षां आपला स्वार्थ अधिक आहे. उष्टें व भाजीचा पाला पिशवींत बांधून फेकला जातो. त्या वासानें गाय ती गांठीसकट गिळते. प्लॅस्टिक पचत नाहीं व पुढेंही सरकत नाहीं. पोटांत त्याचा गोळा वाढत जातो, चारा खाणें कमी होतें, दूध आटतें, व शेवटीं पोट चिरून तो काढावा लागतो किंवा जनावर दगावतें. शहरच्या कचऱ्याचें खत शेतांत घातलें तर त्यांतील तुकडे जमिनींतच राहतात. जी पिशवी आपण बाजारांतून आणली ती अशा रीतीनें आपल्याच दावणीस व आपल्याच वावरांत परत येते.

कोणी म्हणतील, आम्ही कापूस पिकवितों, तेव्हां कापडी पिशव्या घरोघर वाटाव्या. या म्हणण्यांत अर्धेंच तथ्य आहे. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें, हवामानावर होणाऱ्या परिणामापुरतें पाहिलें तर, कापसाची नवी पिशवी १३१ वेळां वापरावी तेव्हां ती एकदां वापरलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीस येते. कागदी पिशवी तीन वेळां वापरावी लागते. कापसास लागणारें पाणी, खत व मेहनत आपण जाणतोंच. म्हणून या आकड्याचें आपणांस नवल वाटूं नये. आठवड्यास एक बाजार धरला तर १३१ खेपांस अडीच वर्षें लागतात. चांगली शिवलेली पिशवी तेवढी सहज टिकते. मात्र ती खुंटीवर लटकत न राहतां दर बाजारीं हातांत असली पाहिजे. जुन्या लुगड्याची वा धोतराची पिशवी शिवली तर नव्या कापसाचाही खर्च नाहीं.

शेतावरून परस्पर बाजारीं जाणाऱ्या मजुराजवळ पिशवी नसते, ही अडचण खरी आहे. तीवर आमची सूचना अशी कीं, प्रत्येक सोसायटीनें आपल्या दुकानांत कापडी पिशव्या ठेवाव्या, अनामत घेऊन द्याव्या व पिशवी परत येतांच रक्कम परत करावी. बारदानाचा हिशेब ज्यांस ठेवतां येतो त्यांस हा हिशेब जड नाहीं. सभासदांनीं गाडीच्या पेटींत व घराच्या दाराशीं एक-एक पिशवी कायमची ठेवावी. फुकट पिशवी पुढें आली तर नको म्हणावें. दहा गिऱ्हाइकांनीं नको म्हटलें कीं अकराव्यास ती देण्याची दुकानदारासही गरज वाटणार नाहीं.

सरकारनें दंड करावा व आपण तो चुकवावा, हें जमिनीच्या धन्यास शोभणारें नव्हे. जो आपल्या बांधावरची काडी वांया जाऊं देत नाहीं, त्यानें पिशवीच्या बाबतींतच उधळेपणा कां करावा, याचा विचार प्रत्येक सभासदानें येत्या बाजाराला निघण्यापूर्वीं करावा, एवढीच आमची विनंती आहे.