आधी पाठ तर उघडा!

माळ्यावरचं खोकं काढून बघा. लाल डोळे मिचकावणारा, इंग्रजीत तीनच वाक्यं बोलणारा एक रोबो सापडेल. वाढदिवसाला मिळालेला. दोन दिवस गाजला, मग कंटाळा आला, कारण चौथं वाक्य त्याला कधी येणारच नव्हतं. आता तो भंगारात जाईल. त्याआधी फक्त एक स्क्रूड्रायव्हर घ्या.

सेल काढा, पाठ उघडा. आत छोट्या मोटर, गिअर, स्पीकर आणि सर्किट बोर्डवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसेल. त्या थेंबाखाली चिप असते, म्हणजे रोबोचा मेंदू. तिच्यातला प्रोग्रॅम आपल्याला बदलता येत नाही. मग तिच्याशी भांडायचं कशाला? मेंदू काढा, शरीर ठेवा.

नवा मेंदू म्हणून आर्डुइनो उनो घ्या. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रेयामध्ये झाला, तोही विद्यार्थ्यांना परवडावा म्हणून. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा, मिळेल. एक चूक मात्र हमखास होते: मोटर थेट बोर्डच्या पिनला जोडायची. पिन जेमतेम २० मिलिअँपिअरसाठी असते, मोटरला त्याच्या कितीतरी पट करंट लागतो. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर हवाच. मोटरला वेगळी बॅटरी द्या, पण दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोडा.

आता आवाज. डीएफप्लेअर मिनी नावाचं पोस्टाच्या तिकिटाएवढं मॉड्यूल मेमरी कार्डवरच्या एमपीथ्री फाइल वाजवतं. जुनाच स्पीकर बहुतेकदा चालून जातो. खरी गंमत इथे आहे. आजीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. समोरची भिंत ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावा. भिंत आली की रोबो थांबून म्हणेल, 'अरे, समोर बघून चाल!' कारखान्याने दिलेली तीन वाक्यं गेली, आता तो तुमच्या घरचं बोलतो.

मुद्दा रोबोपुरता नाही. 'खोलू नकोस, मोडेल' हे ऐकतच आपण मोठे झालो. त्यात स्क्रूड्रायव्हर दादाच्या हातात, ताई नुसती बघणार. आज फोन बिघडला की आपण तो ड्रॉवरमध्ये टाकतो आणि नवा हप्त्यावर घेतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. चांगलंच झालं. पण ज्यांनी आयुष्यात एकही झाकण उघडलं नाही, ते हा हक्क मागणार तरी कसा?

एकच अट. सेलवर चालणारं खेळणंच उघडा. प्लगवर चालणारं किंवा फुगलेल्या बॅटरीचं नको.

आणि मोडलं तर? मोडू दे की. तसंही ते भंगारातच जाणार होतं. येत्या रविवारी रोबोटिक्सच्या महागड्या क्लासची चौकशी करण्याआधी घरातला जुना रोबो खाली काढा. धाकट्या बहिणीलाही सोबत बसवा, आणि पहिला स्क्रू तिलाच काढू द्या.