समता क्लबांची, बेडी खेळाडूंची

१/ ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील ड्राफ्ट आणि सॅलरी कॅप यांचा दाखला क्रीडाजगतातील समतेचा आदर्श म्हणून दिला जातो. श्रीमंत क्लबाने सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, हा हेतू वाईट नाही. परंतु या समतेचे मोल कोणाच्या खिशातून गेले, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ते खेळाडूंच्या खिशातून गेले. त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आधी खेळाविषयी थोडे. लंबवर्तुळाकार मैदान, प्रत्येक बाजूस १८ खेळाडू आणि १८५९ साली मेलबर्नमध्ये लिहिले गेलेले पहिले नियम. १८९७ पासून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग (व्हीएफएल) ही मेलबर्नची प्रमुख स्पर्धा. १९९० मध्ये तिचेच नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग (एएफएल) झाले.

३/ खेळाडूला प्रथम जखडले ते त्याच्या राहत्या पत्त्याने. १९१५ मध्ये मेलबर्नची उपनगरे क्लबांमध्ये वाटली गेली. ज्या भागात घर, त्या भागाच्या क्लबाचा हक्क. दुसरीकडे जायचे, तर जुन्या क्लबाचा 'क्लिअरन्स' हवा. आपल्या कचेरीच्या भाषेत ना-हरकत दाखला. तो देणे न देणे सर्वस्वी क्लबाच्या मर्जीवर.

४/ मग वेतनाची पाळी आली. १९३० च्या 'कूल्टर लॉ'ने सामन्यामागे कमाल ३ पौंड ठरवले. त्याच वर्षी ऑलबरीचा तरुण हेडन बंटन फिट्झरॉयकडून २२२ पौंडांचे आमिष मिळाल्याच्या कारणावरून वर्षभर लीगबाहेर ठेवला गेला. पुढे त्याने १९३१, १९३२ आणि १९३५ अशी तीन ब्राउनलो पदके जिंकली. गुणवत्तेची किंमत बाजाराला ठाऊक होती. नियमाने ती फक्त टेबलाखाली ढकलली.

५/ ज्यांना जमले, ते लीगच सोडून गेले. कॉलिंगवूडच्या रॉन टॉडने १९३९ च्या मोसमात १२१ गोल केले आणि पुढल्या वर्षी क्लिअरन्सविना प्रतिस्पर्धी संघटनेतील विल्यम्सटाउन गाठले. त्याला कृतघ्न म्हटले गेले. एवढ्या गोलांचे रास्त मोल देण्यास नकार देणारा नियम मात्र 'खेळाच्या हिताचा' ठरला.

६/ १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाच कित्ता ग्रामीण भागात गिरवला गेला. व्हिक्टोरियाचे जिल्हे क्लबांना वाटून दिले. उद्देश अर्थातच समता! परिणाम पाहा : १९६७ ते १९८९ या २३ वर्षांत विजेतेपद रिचमंड, कार्लटन, हॉथॉर्न, नॉर्थ मेलबर्न आणि एसेंडन या पाचच क्लबांत फिरत राहिले. ज्याच्या वाट्याला सुपीक प्रदेश आला, त्याचे फावले. खेळाडू बांधला गेला आणि समताही आली नाही.

७/ खेळाडू मुकाट राहिले नाहीत. १९७० मध्ये बाहेरून आणलेल्या खेळाडूला मोठी रक्कम मिळाल्याचे पाहून कॉलिंगवूडचे डेस टडनहॅम आणि लेन थॉम्प्सन यांनी सरावावर बहिष्कार टाकला. टडनहॅमचे कर्णधारपद गेले. १९७३ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली.

८/ त्याच सुमारास लीगने एक खिडकी किलकिली केली : दहा वर्षे एका क्लबाची सेवा केलेल्याला मुक्त हालचाल. नॉर्थ मेलबर्नने डग वेड, जॉन रँटल आणि बॅरी डेव्हिस यांना घेतले. खिडकी तत्काळ बंद झाली. तोवर एकही विजेतेपद नसलेला तो क्लब १९७५ मध्ये डेव्हिसच्या नेतृत्वाखाली विजेता ठरला. थोडे स्वातंत्र्य दिले, तर दुबळ्याचे भले झाले. हा धडा कोणी घेतला नाही.

९/ अखेर प्रकरण न्यायालयात गेले. साउथ मेलबर्न क्लब सिडनीला हलला. तरुण सिल्व्हियो फॉस्कीनीला जायचे नव्हते. त्याला सेंट किल्डाकडून खेळायचे होते, पण क्लिअरन्स मिळेना. १९८३ मध्ये व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रॉकेट यांनी लीगचे हे निर्बंध व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरवले. रग्बी लीगच्या डेनिस टटीने १९७१ मध्येच देशाच्या उच्चतम न्यायालयात हे तत्त्व प्रस्थापित केले होते.

१०/ आता कालक्रम ध्यानात घ्या. १९८३ : बेडी तुटली. १९८६ : पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट. १९८७ : सॅलरी कॅप, बहुतेक क्लबांसाठी १२.५ लाख डॉलर. उधळपट्टीने काही क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते, हे खरे. पण उधळपट्टी केली पदाधिकाऱ्यांनी आणि लगाम घातला खेळाडूंना. पूर्वी घराचा पत्ता क्लब ठरवी. आता क्लब घराचा पत्ता ठरवू लागला. पर्थच्या अठरा वर्षांच्या मुलाने साडेतीन हजार किलोमीटरवरील ब्रिस्बेनला जायचे, कारण त्याचे नाव तिथे पुकारले गेले.

११/ प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. कॅपच्या काळात विजेतेपदे अधिक हातांत गेली. वेस्टर्न बुलडॉग्जने १९५४ नंतर थेट २०१६ मध्ये, मेलबर्नने १९६४ नंतर २०२१ मध्ये चषक उचलला. ही उपलब्धी नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु तिच्या पोटी फिट्झरॉय वाचला नाही. १९९६ मध्ये तो ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. टेबलाखालचा व्यवहारही थांबला नाही. २००२ मध्ये कॅप मोडल्याबद्दल कार्लटनला ९,३०,००० डॉलर दंड झाला.

१२/ नियम पाळूनही सुटका नाही. २०१३ मध्ये लान्स फ्रँकलिन मुक्त खेळाडू म्हणून नऊ वर्षांच्या, सुमारे एक कोटी डॉलरच्या करारावर सिडनीला गेला. सारे नियमात होते. पुढल्या वर्षी लीगने सिडनीवर ट्रेडबंदी लादली. एका खेळाडूने आपले मोल वसूल केले, तर व्यवस्थेला ते बंडासारखे वाटते.

१३/ ही मुक्त खेळाडूची सोय आली २०१२ मध्ये, तीही एका क्लबात आठ वर्षे घालवलेल्यांसाठी. त्यातली मेख पाहा : असा खेळाडू गमावणाऱ्या क्लबाला भरपाई म्हणून ड्राफ्टमधील निवड मिळू शकते. घर सोडावे लागलेल्या पोराला भरपाई नाही.

१४/ म्हणून कॅप मोडून टाका, असे माझे म्हणणे नाही. बंधनाला नैतिक आधार मिळतो तो बांधल्या जाणाऱ्याच्या संमतीने आणि वाट्याने. २०१७ च्या सामूहिक कराराने खेळाडूंचे वेतन लीगच्या उत्पन्नाशी जोडले गेले. हे संघटनेने झगडून मिळवले. करारबद्ध खेळाडूचा ट्रेड त्याच्या संमतीविना होत नाही, हाही असाच हक्क. ही संमतीची अट काढावी, अशी कुजबुज क्लबांकडून अधूनमधून होते. ती पुन्हा ऐकू आली की १९१५ आठवावे.

१५/ आणि हे आपल्यालाही परके नाही. आयपीएलचा पहिला लिलाव २००८ मध्ये मुंबईत झाला. तिथेही खर्चाची मर्यादा आहे, ट्रेड आहे. पण २०१९ मध्ये मंडळाच्या मान्यतेने आलेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे. आज खेळणाऱ्यांच्या वतीने मंडळाशी वाटाघाट करणारे कोणी नाही. मेलबर्नच्या खेळाडूंनी निदान ती खुर्ची मिळवली.

१६/ यापुढे कोणी 'खेळाच्या हितासाठी' नवी मर्यादा सुचवली, तर एकच प्रश्न विचारावा : ती ठरवताना खेळाडू टेबलाशी बसला होता, की टेबलावर मांडला होता?

(समाप्त)