जड आहार केला आहे का?

समुद्राखाली उतरण्यापूर्वी एक कागद भरून द्यावा लागतो. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, काल रात्री मद्य घेतलं होतं का. इथवर ठीक. माणूस खरं-खोटं काहीतरी लिहून मोकळा होतो. पण शेवटून दुसरा प्रश्न वाचला आणि माझं डोकं फिरलं. ‘गेल्या दोन तासांत जड आहार केला आहे का? हो / नाही.’ हा कागद ज्याने छापला त्याने मालवणात कुणाच्या घरी मुक्काम केलेला नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. उठल्या उठल्या चहा आणि खटखटे लाडू. मग घावणे-चटणी. मग पाहुणा गोड खात नाही की काय अशी शंका आली म्हणून शिरवाळे आणि नारळाचा रस. आणि पायात चपला घालून उंबऱ्यावर उभा असताना हातात ताटली: आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. यावर हो की नाही, एवढंच विचारायचं? निदान चार ओळींची जागा तरी सोडायची!

ज्याच्या घरी उतरलो होतो तो दोस्त या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. हॉस्टेलच्या मेसवर लिहिलेल्या लेखात वांग्याच्या रश्श्यात मासा शोधणारा जो मुलगा होता, तोच हा. शिक्षण कोल्हापुरात केलं, पण जीव कायम घाटाखाली. पदवी हातात पडली तशी वळकटी बांधली आणि मालवणला जाऊन मास्तर झाला तो झालाच. आता निवृत्त आहे. दरवर्षी बोलावतो, दरवर्षी आम्ही ‘बघू’ म्हणतो. यंदा बायकोच म्हणाली की गुडघे शाबूत आहेत तोवर एकदा समुद्राच्या तळाला जाऊन येऊ. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत शनिवारी उतरलो खाली.

आता जेवू घालण्याच्या बाबतीत कोल्हापूरकराला कुणी शिकवायला जाऊ नये. आम्ही तांबडा-पांढरा ओततो तेव्हा वाटी भरली की थांबायचं ही कल्पना आम्हाला मान्य नसते. आमचा आग्रह खणखणीत असतो. ‘घे की भावा, लाजतोस काय!’ असा आवाज शेजारच्या गल्लीत जातो. पाहुण्याला निदान नाही म्हणायची संधी मिळते. तो हात आडवा धरतो, आम्ही हातावरून ओततो, सगळं उघड-उघड चालतं. मालवणी पद्धत निराळी. तिथे कुणी आग्रहच करत नाही. उलट गेल्या गेल्या तुमचा अपमान करतात. वजन वाढलंय, केस गेलेत, गाडी जुनीच दिसते, एवढ्या उशिरा कशाला आलात. तुम्ही त्याला उत्तर जुळवत असता तोवर ताटात सुरमईची दुसरी तुकडी आलेली असते. कुणी वाढली, कधी वाढली, पत्ता नाही. दोस्ताच्या आई, वय ऐंशीच्या पुढे, स्वतः वाढत नाहीत. त्या फक्त चुलीकडून बघतात आणि विचारतात, “काय रे झिला, तुका थंय कोण जेवक घालनत नाय काय?” यावर काय बोलणार? ‘घालतात’ म्हणालो तर ‘मगे खा’, आणि ‘नाही’ म्हणालो तर बायको शेजारी बसलेली.

तर तो कागद. आम्हाला पाण्याखाली नेणारा पोरगा दोस्ताचा पुतण्या निघाला. (मालवणात कुणीही कुणाचातरी पुतण्या निघतोच.) त्याने माझा कागद वाचला, माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि काही न बोलता आमचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लावला, जिरेपर्यंत. शिस्तीचं पोरगं. पण आम्ही होडीत वाट बघत बसलो तेवढ्यात किनाऱ्यावरून हाका ऐकू आल्या. वहिनींनी डबा पाठवला होता. दर्यावर भूक लागते म्हणे.

माहिती थोडक्यात सांगतो, म्हणजे संपादकांचं समाधान होईल. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. त्याच्या आसपासचे खडक आणि प्रवाळ हे आपल्या राज्याचं सागरी अभयारण्य. १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. हौशी माणसाला नेतात ते किल्ल्याच्या बाजूला, पाच-सात मीटर खोल. पोहता यावं लागत नाही. पाठीवर टाकी, तोंडात नळी, आणि पाठीमागून आपल्याला धरून ठेवणारा एक जण. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, म्हणून नाक दाबून कानात आतून हवा ढकलत उतरायचं. पावसाळ्यात सगळं बंद. पाणी नितळ हवं असेल तर थंडीत जावं. आणि हो, भर समुद्रातल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. ज्या गावात विहिरींनाही खाण्याची नावं, तिथे पाहुण्याने पथ्यपाण्याच्या गोष्टी कराव्यात कशाला!

मला अडवलं ते मात्र दाबाने नाही, मिशीने. माझ्या मिशीबद्दल या सदरात अधूनमधून येतच असतं, तिचा मान राखायची सवय वाचकांना आहे. पाण्याखालच्या काचेच्या मुखवट्याला ती सवय नाही. त्याची रबरी कड ओठावर घट्ट बसली पाहिजे, आणि मध्ये केस आले की फटीतून पाणी आत. पुतण्याने मुखवटा तीनदा लावून बघितला आणि हळूच विचारलं, “काका, थोडी बारीक करूया?” होडीत शांतता पसरली. बायको म्हणाली, “करा की.” पंचगंगेत पुरात उड्या मारून मोठा झालेला माणूस मी, दर्याला भ्यालो नाही, पण त्या ‘करा की’ला भ्यालो. शेवटी पोराने व्हॅसलिनची डबी काढली आणि मिशी चोपडून चापून बसवली. एरवी आकडा मारून फिरणारी ती मिशी तेल लावलेल्या पैलवानासारखी निसटती झाली, पण पाणी थांबलं. पैलवानी ही शेवटी कोल्हापूरच्याच कामी आली.

खाली गेलो. काय वर्णन करू? पहिलं मिनिटभर फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, मोठ्ठा, आणि आपण एवढे धापा टाकतो याचं नवल वाटतं. मग खडक दिसतात, खडकावर झाडासारखं पण झाड नसलेलं काहीबाही, आणि मासे. आपल्याकडे ढुंकून न बघता जाणारे. बोलता येत नाही, कारण तोंडात नळी. आणि तिथे माझ्या लक्षात आलं, की शनिवारपासून पहिल्यांदा मी अशा जागी आहे जिथे मला कुणी काही खायला देऊ शकत नाही. किती हलकं वाटलं सांगू!

तेवढ्यात शेजारच्या होडीतून उतरलेल्या एका गाइडाने खिशातून पाव काढला.

माझ्यासाठी नव्हता, माशांसाठी होता. त्याने तो पाण्यात कुस्करला आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे पन्नासेक मासे धावून आले, त्याच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाभोवती गोंगाट करायला लागले (गोंगाट मुका होता, पण होता), दुसऱ्याने कॅमेरा धरला, गिऱ्हाइकाने दोन बोटं वर केली, व्हिडिओ झाला. पाव संपला तसे मासेही पांगले. वर आल्यावर मी पुतण्याला विचारलं तेव्हा तो वैतागूनच बोलला. आपण पाव नेत नाही म्हणाला. खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवायचं काम काही मासे करत असतात, त्यांना आयता मैदा मिळाला तर ते काम कोण करणार? पण मासे दिसले नाहीत की लोक भांडतात. पैसे भरलेत, मासे कुठायत? शेजारच्या होडीत मासे अंगावर येतात, आमच्या का येत नाहीत? त्यावर उत्तर काय देणार, की ते जेवलेले आहेत? मला तर वाटतं ही मालवणी पाहुणचाराचीच समुद्रातली शाखा आहे. माशालाही ‘कशाला आलास’ विचारायचं आणि तोंडात पाव कोंबायचा. पण माणसाचं पोट बिघडलं तर तो ओवा मागतो. मासा काय मागणार! खरं म्हणजे त्या कागदावर जड आहाराचा प्रश्न छापायचाच असेल तर तो माशांना विचारावा.

खरी परीक्षा संध्याकाळी झाली. आईंना त्यांच्या माजघरात बसून सगळा वृत्तांत द्यायचा होता. या बाईंनी उभं आयुष्य समुद्राच्या आवाजात काढलंय. नवऱ्याने रापणीचं जाळं ओढलं, यांनी टोपली डोक्यावर घेऊन बाजार केला, मास्तर मुलाला त्यावर शिकवलं. समोरच्या खाडीतला न् समुद्रातला कुठला खडक भरतीला बुडतो, कुठल्या खडकाशी कुठला मासा लागतो, हे त्यांना पाठ आहे. पण पाण्यात डोकं घालून बघायची इच्छा? “बघूचां कित्याक? ताटात येता मां सगळां.”

मी सांगत गेलो, त्या निकाल देत गेल्या. पट्ट्यांचे मासे? “तो खावचो नाय.” विषय संपला. चपटे, पिवळे, चोचीचे? तेही नाय. खडकाच्या कपारीत तोंड वासून बसलेला, ठिपक्यांचा, जाडा? आई सावरून बसल्या. केवढा होता? हात दाखवला. कुठे होता? किल्ल्याच्या कुठल्या अंगाला? आत होता की बाहेर? गोबरा तो. कढी कशी करायची, तिरफळं किती घालायची, डोकं वेगळं कसं काढायचं, हे सगळं मला सांगून झालं, आणि मग मी तो तिथेच सोडून आलो याबद्दल एक नजर. अभयारण्य आहे म्हणालो, तर त्या हसल्या. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा इथल्या मच्छीमारांनी किती विरोध केला होता ते त्यांच्या डोक्यात अजून ताजं आहे. कागदावर रेघा मारणारे मुंबईत, आणि पोट इथे. पण त्याच दमात त्या पर्ससीन जाळीवाल्यांवर घसरल्या. यांत्रिक बोटी एका फेऱ्यात अख्खा थवा उचलतात, पिल्लंही सोडत नाहीत, रापणीला काय उरणार? २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले ते बरं केलं, पण रात्रीचा दर्या बघायला कोण जातं, असा त्यांचा सवाल. म्हणजे सरकारने मासे राखावेत की नाही? राखावेत. कुणापासून? दुसऱ्यांपासून. मला यात काही विसंगत वाटलं नाही. उसाच्या भावाबद्दल आमच्याकडे असंच बोलतात.

मी आपलं ज्ञान दाखवायला म्हणालो, की पाण्याखाली गेल्यावर सगळ्यात आधी लाल रंग नाहीसा होतो. जरा खोल गेलं की तांबडी वस्तू मळकट दिसायला लागते.

आईंनी क्षणभर विचार केला. “मगे तांबोशी वळाखतलस कशी?”

तांबोशी म्हणजे लालसर, चविष्ट, महाग मासा. पाण्याखाली जाऊन जर तांबोशी ओळखता येत नसेल, तर इतके पैसे खर्चून माणसं खाली जातात कशाला, हा प्रश्न त्यांनी मला, पुतण्याला आणि मग शेजारणीलाही विचारला. पुतण्या मान खाली घालून हसत होता. ‘खर्चून’ हे मात्र आईंना कुणीतरी चुकीचं सांगितलं होतं. माझा एक पैसाही घेतला नव्हता. पाकीट काढलं तर पोरगा म्हणाला काकांना विचारा, काका म्हणाला आईला विचार, आणि आई म्हणाल्या, “पैशे कसले देतस? मार खातलस.” वयाची साठी जवळ आलेल्या माणसाला मार! मी बायकोकरवी वहिनींच्या धाकट्या नातवाच्या हातात नोट कोंबायचा डाव टाकला. निघताना गाडीत बघितलं तर ती नोट कुळथाच्या पिठाच्या पिशवीत परत आलेली. पिठाशेजारी आगळाच्या बाटल्या, डझनभर नारळ, खाजा, आणि बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा. फोंडा घाटाच्या प्रत्येक वळणावर ते नारळ डिकीत इकडून तिकडे गडगडत होते आणि बायको म्हणत होती, आता यांना कोल्हापूरला बोलवायला हवं.

बोलावलं. शिमगा झाल्यावर येतायत, अंबाबाईचं दर्शनही होईल. मी फोनवर ऐटीत सांगितलं, आई, इथे आल्यावर चुलीकडे बघायचंसुद्धा नाही, आता आमची पाळी. तांबडा, पांढरा, खिमा, सगळं ठरलंय. पलीकडून उत्तर आलं: “येतंय. पण तुमचो बांगडो खावचंय नाय.” बांगड्याचा मी शब्दही काढला नव्हता. त्यांचं म्हणणं, घाट चढून आलेला मासा हा मासा राहत नाही, म्हणून मासे त्या स्वतः निवडून, बर्फात घालून, सोबत आणणार. मी म्हटलं, तो तरी घाट चढूनच येणार ना? तो आपल्या नजरेसमोर चढणार, हा फरक. एसटीत डबा घेऊ देतील की नाही यावर सध्या दोस्ताच्या घरी खल चालू आहे. वाटण मिक्सरवर होणार नाही, हे मात्र नक्की झालंय. त्यासाठी पाटा-वरवंटा लागेल. आमचा कधीच मोडीत गेला. कोल्हापुरात कुणाच्या माळ्यावर चांगला टाकी लावलेला पडून असेल तर कळवावं, मी स्वतः येऊन उचलून नेईन. आणि शिमग्यानंतरच्या रविवारी जेवायलाच या. मालवणच्या आई आमच्या घरी वाढणार आहेत.