जन्म इथला, दाखला मुदतीचा

थंडी पडू लागली की आपल्या बेळगावात स्वेटर विकायला तिबेटी मंडळी येतात. घासाघीस करून आपण स्वेटर घेतो आणि त्यांना विसरून जातो. गेल्या हिवाळ्यात तिशीतल्या एका विक्रेत्याला मी सहज गाव विचारले. तो अस्खलित कानडीत म्हणाला, "मुंडगोड. जन्मही तिथलाच." त्याच्या खिशातला नोंदणीचा दाखला मात्र त्याला परदेशी म्हणतो!

मुंडगोडची वसाहत १९६६ साली वसली. तिथे जन्मलेल्यांनाही मुदत संपली की हा दाखला नव्याने करून घ्यावा लागतो. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक तरी नागरिक हवा. २००४ पासून अट आणखी कडक झाली. म्हणजे निर्वासिताच्या एकाच घरात थोरला भारतीय आणि धाकटा परदेशी!

कोणी म्हणेल, देशाच्या सुरक्षिततेसाठी नोंद हवीच. जरूर हवी, पण तीच बाकी पुन्हा पुन्हा पुढे ओढून खाते कधी मिटत नाही, हे वाणिज्य शाखेत आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो.

अनेक तिबेटींना मायदेशी परतण्याची आशा आहे. ते नागरिकत्व मागतही नाहीत. ते त्यांच्यावर लादू नये. पण इथे जन्मलेल्याला कायम वास्तव्याचा परवाना द्यायला काय हरकत आहे?

घरची भाषा एक आणि कचेरीतला कागद दुसऱ्याच भाषेतला, हे सीमाभागात आपण रोज अनुभवतो. निदान आपण तरी त्यांना उपरे म्हणू नये.