राजदूत म्हणजे मोटारसायकल नव्हे!

वळसंगच्या घरी ‘राजदूत’ म्हटलं की काकांना एकच गोष्ट आठवते. त्यांची जुनी मोटारसायकल! त्यामुळे माझ्या चुलतभावानं यूपीएससीच्या पसंतीक्रमात पहिला नंबर परराष्ट्र सेवेला द्यायचा ठरवला, तेव्हा घरात काय झालं असेल ते इमॅजिन करा. ‘ताई, प्लीज ये. पप्पा ऐकत नाहीयेत.’ मेसेज आला आणि मी शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली. सोलापुरातून अक्कलकोट रोडची एसटी, की वळसंग.

‘कलेक्टर सोडून हे काय खूळ?’ काकांचा सवाल.

मास कॉमला आम्हाला जॉर्ज केनन होता. अमेरिकेचा बडा डिप्लोमॅट. १९४६ मध्ये मॉस्कोहून त्यानं पाठवलेल्या लांबलचक तारेनं अमेरिकेचं रशियाविषयीचं धोरण बदललं. पुढे तिथलाच राजदूत झाला, पण १९५२ मध्ये काहीतरी स्पष्ट बोलून बसला आणि रशियानं त्याला परत येऊच दिलं नाही. पण समोर कडक भाकरी आणि शेंगाचटणी असताना केनन कसा चालणार? मी आपला आप्पा पंत काढला.

औंधचा राजपुत्र, जन्म १९१२चा. ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर झाला. घरी यायचं आणि गादीवर बसायचं, इतकं सोपं करिअर! पण वडील भवानराव पंतप्रतिनिधी (हो, सूर्यनमस्कारवालेच) यांनी १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हातात दिला. गांधीजींचा सल्ला होता आणि आप्पाही त्या उद्योगात पुढे होता. आपल्यापैकी कितीजण हातातलं प्रमोशन तरी सोडतील?

१९४८ मध्ये नेहरूंनी त्याला नैरोबीला कमिशनर म्हणून पाठवलं. तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांची काळजी घ्यावी, गोऱ्या साहेबांच्या पार्ट्यांना जावं, असा आरामाचा जॉब. हा पठ्ठ्या आफ्रिकन पुढाऱ्यांमध्ये मिसळला. जोमो केन्याटा त्याच्या ओळखीतला. आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला स्कॉलरशिप मिळाव्यात म्हणून धडपडला. ब्रिटिशांच्या डोक्यात गेला. तक्रारी झाल्या आणि १९५४ मध्ये नैरोबी सोडावं लागलं.

‘म्हणजे चांगलं काम केलं म्हणून हाकलला?’ काका.

पुढे गंगटोकला गेला. सिक्कीम, भूतान, तिबेटचं सगळं तिथून बघायचा. नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडन, इटली. मी लिस्ट फास्ट वाचली. काका ऐकतच नव्हते.

‘आपल्या सोलापूरचा डॉक्टर कोटणीस पण गेलता की चीनला. आला का परत?’

मी गप्प. १९३८ मध्ये गेलेले द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिथंच वारले. सोलापुरात हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. म्हणजे इश्यू कलेक्टरच्या लाल दिव्याचा नव्हताच. (तो दिवा तसाही २०१७ मध्ये गेला.) एकुलता एक मुलगा, घरी दोघंच म्हातारे, हे काका तोंडानं बोलणार नव्हते.

भावालाही ते तेव्हाच कळलं असावं. त्यानं लॅपटॉप बंद केला. ‘फॉर्म उद्या भरतो,’ म्हणाला.

काकू इतका वेळ चुलीपाशी होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, ‘नैरोबीला ज्वारी मिळती का रे?’