गाण्याची पट्टी कुणाच्या नावावर?

पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

आपल्या सायखेड्याच्या मार्केटला कांदा विकला की हिशेबपट्टीवर शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, सगळं येतं. नाव चुकलं तर आपण तिथंच भांडतो. मग गाणं लिहिणाऱ्याचं नाव गाळलं तर कुणालाच काही कसं वाटत नाही?

कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर. त्यांचं बालपण आपल्याच निफाड तालुक्यात, पिंपळगाव बसवंतला गेलं. १९३६ मध्ये ते नाशिकला चित्रपटात शिरले. 'सती सुलोचना'ची पटकथा लिहिली, त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. तिथं जम बसला नाही. मग वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. १९४२ ला 'विशाखा' आला आणि कवी म्हणून नाव झालं. १९६६ ला 'ययाति आणि देवयानी' हे संगीत नाटक आलं. पदं शिरवाडकरांची, चाली जितेंद्र अभिषेकींच्या. ती पदं आजही मैफलीत रंगतात.

पण निवेदक काय सांगतो? गायक अमुक, चाल तमुक. शब्द कुणाचे, ते राहूनच जातं. २७ फेब्रुवारीला फोटोला हार घालायचा अन् वर्षभर त्यांची पदं बिननावाची गायची! ज्ञानपीठ मिळालेल्या माणसाची ही गत, तर आपल्याकडं लग्नाची, जत्रेची, देवीची गाणी लिहिणाऱ्या पोरांना कोण विचारतो? थोडे पैसे हातावर टेकवले की गाणं गेलं. पुढं ते मोबाईलवर लाखो लोकांनी ऐकलं तरी त्याला छदाम नाही.

काही जण म्हणतील, "पैसे घेतले ना, मग विषय संपला." नाही संपत. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीनं गीतकाराला रॉयल्टीत वाटा दिलाय. सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं तरी, आणि सिनेमाबाहेरचं रेकॉर्डिंग असलं तरी. हा हक्क निर्मात्याला किंवा कंपनीला लिहूनसुद्धा देता येत नाही. पण हे माहीतच नसल्यानं पोरं न वाचता सह्या करतात.

म्हणून दोनच गोष्टी सांगतो. लिहिणाऱ्यांनो, कागद वाचल्याशिवाय सही करू नका. आणि मंडळवाल्यांनो, यंदा गणपतीत स्टेजवर गायकाच्या आधी गीतकाराचं नाव घ्या. त्याला खर्च शून्य.

पटत असेल तर तुमच्या आवडत्या एका गाण्याच्या गीतकाराचं नाव खाली लिहा. बघू किती जणांना आठवतं.